सात नंबरचं तिसरं पाणी

दुपारचे बारा वाजले होते आणि मी गव्हाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून जमिनीच्या भेगेत बोट घालत होते.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. काळी जमीन, पाणी देऊन पंचवीस दिवस झाले की अशी उकलतेच. मी शेजारच्या वाफ्यात सरकले. तिथे भेग नव्हती. माती मिटलेली होती, वर गाळाची मऊ साय धरली होती. दाबली तर बोटाला ओल लागली.

हा वाफा सात नंबरचा होता.

केंद्राचं नाव मी सांगणार नाही. एवढं पुरे की ते कालव्याच्या काठी होतं, तिथे गव्हाचे नवे वाण तयार होत, आणि मी तिथे नऊ वर्षं संशोधन सहायक होते. त्र्याऐंशी सालचा डिसेंबर. त्या शेतात आम्ही बारा वाणांची चाचणी घेत होतो. प्रत्येक वाणाचे चार वाफे, आणि तेही एकाशेजारी एक नाहीत. चिठ्ठ्या टाकून शेतभर विखुरलेले. जमिनीचा कस कुठे कमी कुठे जास्त असतो, त्याचा फायदा एकाच वाणाला मिळू नये म्हणून. चाचणीची अट एकच होती. सगळ्यांना दोनच पाणी. एक एकविसाव्या दिवशी, दुसरं फुलोऱ्यात. कालव्याच्या शेवटाला ज्यांची शेतं आहेत त्यांना पाण्याच्या दोनच पाळ्या मिळतात, त्यांच्यासाठी गहू शोधत होतो आम्ही.

एका वाफ्यात ओल असती तर मी म्हटलं असतं, बांध फुटला असेल, उंदरांनी बीळ पाडलं असेल. मी उठून सात नंबरचा दुसरा वाफा गाठला. भेग नाही. तिसरा गाठला. नाही. मग चौथा गाठला. तिथेही माती मिटलेली, आणि त्याच्या चारही अंगांच्या वाफ्यांमध्ये उंदीर शिरेल एवढ्या भेगा.

अठ्ठेचाळीस वाफ्यांतले नेमके चार. कुणीतरी नकाशा हातात घेऊन पाणी पाजलं होतं.

आणि सात नंबर माझा होता. ओंबीतल्या एकेका फुलातले कोवळे पुंकेसर मी चिमट्याने काढले होते, वर कागदी पिशवी चढवली होती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गव्हाचा पराग आणून आत झटकला होता. त्या एका ओंबीतून अठरा दाणे निघाले. त्या अठरा दाण्यांची पुढची पिलावळ वर्षामागून वर्ष निवडत, टाकत, पुन्हा निवडत मी सात नंबरपर्यंत आले होते. चाचणीचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. या वर्षी तो पहिला आला की शेतकऱ्यांकडे जाणार होता.

पाण्याची जबाबदारी पुंजाजी आहेरांकडे होती. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. ते पाटाच्या दाराशी खोऱ्याने गाळ ओढत होते. मी तिथवर अक्षरशः धावत गेले.

"तात्या, सात नंबरला पाणी कुणी दिलं?"

त्यांनी खोरं थांबवलं. "म्या दिलं."

"कधी?"

"पाच दिस झालं. तुम्ही मुख्य हापिसात गेल्या व्हत्या तवा."

"कुणाला विचारून? चाचणी आहे ती! दोनच पाणी द्यायचं एवढं साधं कळत नाही तुम्हाला? इतकी वर्षं काय नुसत्या पाटावर बसून विड्या ओढल्यात?"

आजही हे वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात. त्या माणसाला विडीचं व्यसन नव्हतं.

तात्यांनी खोरं खाली ठेवलं. मग खाली बघत म्हणाले, "इंगवले सायबांनी नकाशा दिला बाई. चार खुणा करून. म्हनले एवढ्या चार वाफ्यांना पाजा. मला वाटलं, तुमचाच गहू हाये, तुम्हाला ठावं असंल."

"मला? मला कसं ठाऊक असेल?"

"मागल्या साली पन दिलं व्हतं की."

"मागल्या साली?"

"मागल्या सालीबी तुम्ही गावाला गेल्यावरच," ते म्हणाले. "तुम्ही आल्यावर वाफ्यापाशी हुभ्या ऱ्हाऊन हसत व्हत्या. म्या म्हनलं, बाई खूश हायेत."

खूश होते मी. गेल्या डिसेंबरात परत आले तेव्हा सात नंबर सगळ्या शेतात उठून दिसत होता, काळपट हिरवा, ताठ. मी त्याच्या कडेला उभी राहून हसले होते आणि वहीत लिहिलं होतं, 'सात नंबर विशेष जोमदार.' खाली वाकून माती बघितली नव्हती. आपलं पोर वर्गात पहिलं आलं की पेपर तपासून बघत नाही कुणी.

डॉक्टर मनोहर इंगवले केंद्राचे प्रमुख होते. उंच, देखणे, भाषण करायला लागले की समोरच्या शेतकऱ्यांच्या माना डोलायच्या. मला गहू त्यांनीच शिकवला होता. चिमटा कसा धरायचा हेसुद्धा. मी त्यांच्या खोलीत शिरले ती चिखलाच्या पायांनी.

"सर, सात नंबरला मधेच जादाचं, तिसरं पाणी दिलंय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही तीस तारखेला येणार होतात ना?"

"बैठक लवकर संपली."

"बसा, बोरस्ते."

"मला बसायचं नाही."

"मग उभ्यानं ऐका." आवाज शांत होता, त्यानेच माझं डोकं आणखी फिरलं. "या केंद्रातून गेल्या चौदा वर्षांत एक वाण बाहेर पडलेला नाही. वरचे लोक विचारायला लागलेत, हे केंद्र ठेवायचं कशाला. सात नंबर चांगला गहू आहे. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. दोन पाण्यांवर तो दुसरा-तिसरा येतो. पहिल्यात आणि त्याच्यात फरक किती? दीड-दोन क्विंटलांचा. तेवढ्यासाठी नऊ वर्षं मातीत घालायची?"

"पण तो दोन पाण्यांचा गहू म्हणून जाणार! ज्यांच्याकडे तिसरं पाणी नाहीच त्यांच्या शेतात!"

"दोन पाण्यांवर उपाशी थोडाच मरतोय तो? येतोच की."

"मी हे वर कळवणार."

इंगवले सरांनी मागच्या कपाटातून गेल्या वर्षीचा अहवाल काढला, पान उघडलं आणि माझ्याकडे वळवून ठेवला.

"आकड्यांखाली सही कुणाची आहे?"

कुमुद द. बोरस्ते. माझं अक्षर मला चांगलं वाटायचं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"कोण विश्वास ठेवेल? वाण तुमचा, चाचणी तुमच्या ताब्यात, सही तुमची. जा, हातपाय धुऊन या. उद्यापासून फुटवे मोजायचे आहेत."

मी गेले. हातपाय धुतले. दुसऱ्या दिवसापासून फुटवे मोजले. सात नंबरला चौरस मीटरमध्ये शंभरेक फुटवे जास्त भरले आणि ते मी वहीत लिहिले. सहा आठवडे मी गप्प राहिले. आतून जळत होते, दातावर दात दाबून झोपायचे, सकाळी जबडा दुखायचा. पण गप्प राहिले. राग आला म्हणजे माणूस काही करतोच असं नाही. मी नुसती रागावलेली होते, आणि रागावलेली असण्यालाच मी माझा प्रामाणिकपणा समजत होते.

तात्यांशी मी त्या दिवसानंतर बोलले नव्हते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मात्र राहवेना. त्यांची माफी मागायची म्हणून सायकल काढली आणि कालव्याच्या कडेने सहा मैलांवर त्यांच्या वस्तीला गेले. ती वस्ती कालव्याच्या अगदी शेवटाला होती. कालव्यातून शेतांकडे निघालेली चारी पुढेपुढे बारीक होत गेली आणि त्यांच्या शेताशी पोचली तेव्हा नुसती कोरडी नाली उरली होती.

तात्या घरी नव्हते. त्यांची बायको गिरजाबाई शेतात होत्या. मी कोण ते सांगितलं.

"आगं बाई, गव्हाच्या बाई का तुम्ही?" त्यांनी पदराने हात पुसले. "या, तुमचाच गहू दावते."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पण बांध ओलांडून बघितलं आणि ओळखलं. स्वतःच्या हाताने केलेला गहू माणूस कुठेही ओळखतो. कुसळांचा तो तांबूस रंग, पानाचा तो वाक. सात नंबर होता. अर्धा एकर.

"हा इथे कसा?"

"इंगवले सायबांनी दहा-पंधरा किलो बी दिलं व्हतं ह्यांला. म्हनले, तुम्ही विश्वासाचे, सगळ्यांच्या आधी तुम्ही पेरा. ह्ये येडे, हरखून आले. दर साली आमचा बन्सी गहू आसतो. बेताचाच येतो, पर येतो. यंदा बन्सीचं रान ह्याला दिलं."

गहू कमरेएवढा व्हायला हवा होता, मांडीपर्यंत आला होता. फुटवे मोजकेच. ओंब्यांची टोकं पांढरी पडून वाळलेली. मी एक ओंबी हातावर चोळली. खालचे दाणे चिकात होते, वरच्या दोन-तीन कप्प्यांत काहीच नव्हतं, नुसतं भुसकट.

"पाणी किती दिलंत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"दोन. इथं तिसरं यायचंय कुठून?" गिरजाबाईंनी माझ्या हातातल्या भुसकटाकडे पाहिलं. "एक इचारू का बाई? राग नका मानू."

"विचारा."

"ह्ये सांगत व्हते, तिकडं ह्याला तीन पाणी देत्यात म्हनून. म्या म्हनलं, आसं कसं? तिकडं तीन प्यालेला गहू हितं दोनावर कसा येईल? येवढं तर मला अडानी बाईला कळतं. त्ये म्हनले, शिकलेली मान्सं हायेत, त्यांनी काईतरी इचार केला आसंल." त्या थांबल्या. "काय इचार केला व्हता, बाई?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी हातातलं भुसकट मुठीत घेऊन बांधावरून उतरले. माफी मागायला आलेली मी माफी न मागताच सायकलवर बसले. त्या मागून ओरडून चहाला थांबा म्हणत होत्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाहणी समिती आली. तिघंजण. अध्यक्ष डॉक्टर रेगे, सत्तरीच्या घरातले, काठी टेकत चालणारे, कमी ऐकू येणारे. इंगवले सर त्यांना हाताला धरून वाफ्यांमधून नेत होते. मागे आम्ही, त्यामागे मजूर आणि तात्या. सात नंबरपाशी सगळे थांबले. गहू डौलात होता. वारा आला की सगळ्या ओंब्या एकदम झुकायच्या.

"दोन पाण्यांवर?" रेगे साहेबांनी विचारलं.

"फक्त दोन, सर," इंगवले म्हणाले. "आमच्या बोरस्तेबाईंची नऊ वर्षांची तपश्चर्या आहे ही."

'तपश्चर्या' ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पांढरं भुसकट आलं.

"तीन," मी म्हणाले.

रेगे साहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"तीन पाणी आहेत साहेब!" मी जवळजवळ ओरडलेच. "इतर अकरा वाणांना दोन आणि याला तीन. चारही वाफ्यांना. चोरून."

इंगवले हसले. "बाईंची तब्येत बरी नाही जरा. कामाचा ताण."

"पाणी कोण देतं इथे?" रेगे साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ते इंगवलेंकडे बघत नव्हते, माझ्याकडेही बघत नव्हते. रोजंदारीवर अठरा वर्षं काढून त्यांना कायम होऊन एकच वर्ष झालं होतं. खरं बोलले तर इंगवले त्यांना ठेवणार नव्हते. खोटं बोलले तर त्यांना पुन्हा माझ्या तोंडाकडे बघता येणार नव्हतं. आणि या माणसाला तिथे उभं मी केलं होतं.

"त्यांना विचारू नका," मी म्हणाले. "मला विचारा. गेल्या वर्षीही तिसरं पाणी दिलं होतं. ते आकडे खोटे आहेत, आणि त्यांच्याखाली सही माझी आहे. यंदाचं मला सत्तावीस डिसेंबरला कळलं. आज सात फेब्रुवारी. मधले सगळे दिवस मी गप्प होते. हे सगळं मी लिहून देते."

"बोरस्ते," इंगवले हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही स्वतःचाच गहू मारताय."

"तुम्ही मारलात!" मी किंचाळले. सगळ्या मजुरांसमोर, समितीसमोर. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी माझ्या गुरूवर आवाज चढवला. "तात्यांच्या शेतात जाऊन बघा, कसा मेलाय तो!"

मी लिहून दिलं, दोन पानं. चाचणी रद्द झाली. सात नंबरवर लाल शाईने काट बसली. चौकशीत मला लेखी ताकीद मिळाली, सही माझी होती म्हणून. आणि माझी बदली करडईच्या केंद्रावर झाली, जिथे मला काहीच येत नव्हतं. इंगवले सरांनी चौकशीत सांगितलं की पाण्याचा नकाशा चुकून दिला गेला. ते दोन वर्षांनी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. तात्या नोकरीत राहिले. पुढच्या हंगामाला त्यांनी पुन्हा बन्सी पेरला.

अकरा वर्षं मी करडईच्या काट्यांत काढली. मग पुन्हा बदली होऊन त्याच केंद्रावर आले, प्रमुख म्हणून. पहिल्याच महिन्यात जुनी रजिस्टरं चाळताना माझ्या जागी आलेल्या एका तरुण सहायकाची नोंद सापडली. त्याने नुसत्या उत्सुकतेने शीतगृहातलं सात नंबरचं बी काढून वेगळ्याच चाचणीत लावलं होतं. तिथे सगळ्याच वाणांना तीन पाणी होतं, उघडपणे, सारखं. सलग दोन वर्षं. दोन्ही वर्षं सात नंबर पहिला आला होता. हेक्टरी एक्केचाळीस क्विंटल. तेव्हा सगळीकडे पेरला जाणारा वाण छत्तिसावर थांबला होता. खाली वरिष्ठांचा शेरा होता: 'वादग्रस्त वाण. पुढे पाठवू नये.'

तो तीन पाण्यांचा गहू होता. कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे तीन पाळ्या मिळतात, तिथे हजारो एकरांवर त्याने राज्य केलं असतं. त्याला दुसऱ्याच शर्यतीत उभा केला आणि जिंकावं म्हणून चोरून पाजला. नुसतं खरं सांगितलं असतं, हा दोनाचा नाही, तिनाचा आहे, तर पुरे होतं. तेही मला सुचलं नाही. नऊ वर्षं मी त्याला दोन पाण्यांचाच समजत राहिले, कारण सरांनी तसं ठरवलं होतं. आता उशीर झाला होता. तांबेरा रोगाची नवी जात आली होती, सात नंबर तिच्यापुढे पंधरा दिवसही टिकला नसता.

मी त्याच आठवड्यात इंगवलेंचं घर शोधून काढलं. ते खूप थकले होते. उजवा हात थरथरत होता. मला ओळखलं आणि बसा म्हणाले. या वेळी मी बसले. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला.

"सात नंबर तीन पाण्यांच्या चाचणीत लावला होता कुणीतरी," मी म्हणाले. "दोन वर्षं. पहिला आला."

त्यांचे डोळे एकदम जागे झाले. "किती आलं?"

"एक्केचाळीस."

"आणि तुलनेला?"

"छत्तीस."

"पाच जास्त," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळून, वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखं त्यांनी विचारलं, "मग मी तसं का केलं, बोरस्ते?"

क्षणभर मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच इतका संताप आला की मी उठून उभी राहिले.

"हे तुम्ही मला विचारताय?"

चहाला हात न लावता मी दाराशी आले. चपला घालताना मागे वळून पाहिलं. ते थरथरत्या हाताने टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला सारून काहीतरी शोधत होते. पेन सापडलं तसं त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, फार सावकाश, मोठ्या अक्षरात एक्केचाळीस लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.